त्रुटी

खिडकी क्रमांक तीनला काच नाही.
होती. एका जूनमध्ये रांगेच्या रेट्याने फुटली,
आणि तेव्हापासून मला आणि पोरांना
एकमेकांचं नीट ऐकू येतं.

शिष्यवृत्ती विभाग, चोपडा.
विभाग म्हणजे मी, एक स्कॅनर,
आणि पंखा, जो दाखले उडवतो म्हणून
मे महिन्यातही बंद.

रायली बारेला, दुसरं वर्ष, भूगोल.
सत्रासेनच्या पहिल्या गाडीने येते.
तिचा अर्ज तिसऱ्यांदा परत आलाय.
शेरा: वडिलांचे नाव जुळत नाही.
जातीच्या दाखल्यावर भायला,
आधारवर भाईलाल.
आधार काढणाऱ्या पोराला वाटलं असेल
हे नाव अर्धंच आहे,
उरलेलं त्याने पदरचं घातलं.
"सर, मग पैसे कोणाच्या पोरीला येतील?"
ती विचारते. हसत नाही.

मी सांगतो: शपथपत्र कर.
नोटरी दीडला जेवायला उठतो, त्याआधी गाठ.
वडिलांना घेऊन ये.
"ते रावेरला, केळीच्या गाडीवर.
ट्रक भरला की सुटतात. मध्ये नाही."
मेसचे दोन महिने थकलेत हे ती बोलत नाही.
ते मला मेसवाल्या सुपडूने सांगितलंय,
आणि हेही, की ती हल्ली
रात्रीचं जेवण नको म्हणते, पोट भरलंय म्हणते.

मीही असाच शिकलो.
तेव्हा ई.बी.सी.चा पिवळट फॉर्म होता
आणि तलाठ्याच्या टेबलापाशी उभे माझे आप्पा.
तलाठ्याने वर्षाचं उत्पन्न लिहिलं,
आप्पांनी ते मला वाचायला लावलं,
टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.
"इतला गरीब शे का मी?"
तलाठी मान वर न करता म्हणाला,
पोरगं शिकवायचं तर एवढं व्हावंच लागेल, आप्पा.
आप्पांनी सही केली.
सायकलवर, गाव येईपर्यंत,
माझ्याशी एक शब्द नाही.
फी माफ झाली.
तो आकडा घरात कोणी पुन्हा उच्चारला नाही,
आईला तर शेवटपर्यंत माहीतच नव्हता.

म्हणून कुणाचाही दाखला हातात घेताना
मी रकमेवर अंगठा ठेवतो.
रांगेतल्या मागच्याला दिसू नये.
कोणाच्या लक्षात आलं नसावं.

पोर्टल दिवसभर गोल गोल फिरतं.
रात्री एकनंतर, सगळा जिल्हा झोपला की,
जरासं किलकिलं होतं.
मी घरून बसतो.
बायको म्हणते, याचे कोण देतं तुम्हाला?
मी म्हणतो, थांब, उघडलं.
काल रायलीचं शपथपत्र चढवलं:
भायला व भाईलाल ही एकाच व्यक्तीची नावे आहेत.
खाली अंगठा.
केळीच्या चिकाने इतका काळा
की शाई नसती तरी उठला असता.

पैसे आले. निम्मे.
तेही परीक्षा होऊन गेल्यावर, एका मंगळवारी,
आणि तिला विसर पडलेल्या जुन्या खात्यात.
सुपडूची उधारी फिटली.
उरलेल्यात तिने काय केलं, मी विचारलं नाही.
आभार मानायला ती आली नाही, ते बरं झालं,
मला त्या प्रसंगी काय करायचं कळत नाही.

आज आली, नूतनीकरणाचा अर्ज घेऊन.
मागे सत्रासेनचीच दोन पोरं, नवी, बुजरी.
खिडकीपाशी येण्याआधीच ती
त्यांचे कागद तपासत होती,
काना, मात्रा, वेलांटी,
एकाला तर तिनेच परत पाठवलं:
"आईचं नाव बघ. जा."
दुसऱ्याचा उत्पन्नाचा दाखला
तिने माझ्यापुढे सरकवला.
रकमेवर तिचा अंगठा होता.

"पंखा लावू का, सर?"
म्हटलं, नको. कागद उडतात.